लिहू का?

क्लाक्सविकच्या बंदरात, ट्रॉलरच्या केबिनमध्ये
सुन्नुवा डिस्कची वाटणी करायला बसली.
अवजारं तीन.
पहिल्यात रंगीत पट्टे, बोटानं सरकवायचे,
लोण्यात सुरी.
दुसरं आकडा ऐकतं आणि घाव घालतं.
तिसरं जुनं, कुरूप,
सगळं ऐकून घेतं, पण
शेवटी विचारल्याशिवाय डिस्कला हात लावत नाही.

“पहिलं घे,” त्रोंदुर म्हणाला, “उजाडायच्या आत सुटायचंय.”
अर्धी जागा नव्या नकाशांना हवी.
उरलेल्या अर्ध्यात त्याच्या भावाचे
चौदा वर्षांचे मासळीचे हिशेब
आणि बिननावाची एक फाइल.

तिनं आधी नक्कल काढली. मग तिसरं.
रेघ कुठे, किती, सगळं सांगून झालं.
पडद्यावर एवढंच: लिहू का?

सुन्नुवाचं बोट बटणावर.
“थांब,” त्रोंदुर म्हणाला,
आणि जाऊन इंजिन बंद करून आला.