अडीच सेकंद

यंत्र फोल्केचं. तिने ते भावाकडून आणलं,
भावाने कुणाकडून, ते विचारायचं नाही.
साबणाच्या वडीहून थोडं मोठं, डोक्यावर त्रिकोणी पाटी
आणि एक बटण, त्यावर कान काढलेला.
दाबलं की जे दिसत नाही ते ऐकू येतं.

मी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली.
राउटर म्हणजे सुतारपक्षी. ठकठकठक, विसावा, ठकठक.
बिनतारी फोनची एकसुरी भणभण,
हिनरिकची बायको लग्नात शेजारी बसते, तशी.
मायक्रोवेव्हपाशी तर आकडे हातून निसटलेच,
पेलाभर दूध तापेपर्यंत यंत्र किंचाळत राहिलं
आणि मांजर जे गेलं ते जेवायलाही आलं नाही.

सगळं वहीत उतरवलं. मायक्रोवॉट, चौरस मीटरला.
चौरस मीटर मला कळतो,
सत्तावीस वर्षं दुकानात गालिचे मोजून कापलेत.
मायक्रोवॉट कुठल्या थानाचा तुकडा, देव जाणे.
फोल्केची पुस्तिका सांगते, दहाच्या वर काळजी घ्या.
सरकार सांगतं, एक कोटीपर्यंत चालेल.
दहा आणि एक कोटी
यांच्या मधोमध कुठेतरी माझी उशी आहे.

चहा ओतला. पेल्यातली खडीसाखर तडकली
आणि मी दचकून यंत्राकडे पाहिलं.
ते बंद होतं.

रात्री एकेक करून सगळ्यांचे प्लग काढले.
घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा राग आला.
पलंगावर बसून कानाचं बटण दाबलं.
काही नाही.
मग, टक्.
मी श्वास धरला.
टक्.
भिंतीत नाही, शेजारी नाही, खिडकीतून येत होतं,
बांधापलीकडून, जिथे रात्री फक्त मेंढ्या आणि पाणी.
टक्.

एन्नो दारात उभा. मोजे घातलेला, चष्मा नाही.
ओठ हलताना दिसले, मोजत होता.
"रडार," म्हणाला. "मिनिटाला चोवीस फेरे.
मोठं धूड आहे. भरतीबरोबर एमडेनला निघालंय."
आणि हसला, जुना सोबती रस्त्यात भेटावा तसा.

एकतीस वर्षं तो पायलट बोटीवर होता.
घरी आला की धुक्याबद्दल दोन वाक्यं बोलायचा,
एक जेवणाआधी, एक बूट काढताना.
मी याच पलंगावर, याच कुशीवर,
भोंग्यांचे आवाज मोजत पहाट करायची.
म्हणजे त्याच्या बोटीवरची ती फिरती दांडी
तेव्हाही अडीच सेकंदांनी
या खिडकीवरून, या गोधडीवरून, माझ्यावरून हात फिरवून जात होती,
आणि मला पत्ता नाही.
तेव्हा हे यंत्र असतं
तर मी झोपले असते की नाही?
हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.
तो म्हणाला असता, पाय गार पडलेत, ये आता.

मी म्हटलं, "तिथे उभा राहा. खिडकीत."
"का?"
"राहा तर."
राहिला. आकडा घसरला.
"डावीकडे. अजून. पोट आत घेऊ नकोस."
माणूस म्हणजे बहुतेक खारं पाणीच,
लाटा त्यात बुडतात, असं पुस्तिकेत आहे.
टक् आता इतकं बारीक, की कान यंत्राला लावावा लागला.
"किती वेळ उभं राहायचं, टालेया?"
"जहाज जाईपर्यंत."
तो कुरकुरला, पण हलला नाही.
पाठमोरा, नाइटशर्टची शिवण उसवलेली,
बांधाकडे बघत, दिवा शोधत.

यंत्र उद्या परत करायचंय.
वहीचं शेवटचं पान:
पलंग, उशीशी, एन्नोशिवाय: एकेचाळीस.
एन्नो खिडकीत: सहा.