बदली

मुलीच्या ॲडमिशनसाठी वंशावळ मागितली त्यांनी स्टँपपेपरवर,
पुरावा पन्नासच्या आधीचा.
बापापर्यंत माझ्याकडे सगळं होतं, लॅमिनेशन करून.
तात, म्हणजे आजोबा, एका शाळेच्या दाखल्यात सापडले, जन्म एकवीस.
त्यांच्यामागे कोण, ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून चादरींच्या गठ्ठ्यांवर पत्ते लिहून झाले की
शनिवारी दुपारी रेकॉर्ड रूम.
बाहेर त्रेचाळीस. आत पंखा
नुसता मान हलवतो, नोंद घेत नाही.
अक्षर मोडी. हंचाटे मास्तर वाचून देतात,
पानाला तीस रुपये, चहा वेगळा.

आडनाव तीन तऱ्हांनी निघालं:
येलदी, एल्दी,
आणि एका जागी, कारकुनाला कंटाळा आला असेल,
नुसतं तेलंगी.

काचकारखाना रेल्वेलाइनीच्या पलीकडे होता.
कंदिलाच्या चिमण्या, दौती, सोड्याच्या बाटल्या.
आता मंगल कार्यालय आहे. पार्किंग खणताना
हिरव्या काचेची ढेकळं निघाली,
वॉचमनने एक मला दिलं. टीव्हीजवळ ठेवलंय.

तिथे एक जर्मन मिस्त्री होता म्हणे.
आमच्या घरात जर्मन म्हणजे पातेलं,
ज्यात आंबट करायचं नाही ते.
लढाई लागली तसे पोलीस आले,
टांग्यात बसवून स्टेशनवर, तिथून नगरला.
त्याची नळी भट्टीपाशीच राहिली.
तोवर त्याने सात तेलंग्यांना फुंकायला शिकवलं होतं.
त्यातला चौथा, बिल्ला नंबर एकतीस:
पोशट्टी लिंगय्या.

हजेरीपट मालकाच्या नातवाच्या माळ्यावर मिळाले,
झुरळांच्या अंड्यांसकट.
बारा सालापासून एकोणतीसपर्यंत
एकतीस नंबर हजर, हजर, हजर.
फोटो काढले. मुलीला पाठवले. तिने अंगठा दाखवला.

मग पुढच्या शनिवारी मृत्यूचं रजिस्टर.
अठरा साल, ऑक्टोबर, एकेका दिवसाला चार-चार पानं.
पोशट्टी लिंगय्या, वय सव्वीस,
धंदा काच फुंकणे, कारण ताप.
मास्तरांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला.
"तुझा आजा कुठल्या सालचा म्हणालास?"
त्या पानाचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

ऑक्टोबरात तीन दिवस खाडा आहे.
चौथ्या दिवसापासून एकतीस नंबर हजर.
पुढची अकरा वर्षं
मेलेला माणूस बाटल्या फुंकतोय.

लच्चम्मा, बिल्ला कुणाच्या हातात दिलास?
दिराच्या? करीमनगरच्या गाडीतून
नुकत्याच उतरलेल्या कुणाच्या?
घरात तू त्याला काय म्हणून हाक मारायचीस?
की बाई, तू नावाने हाक मारतच नव्हतीस,
म्हणून निभावलं?

पगारपत्रकावर अंगठे आहेत.
अठरापर्यंतच्या अंगठ्यात भोवरा दिसतो.
पुढचा अंगठा भाजून गुळगुळीत झालेला.
शाईचा एक ठिपका. रेषाच नाही.

तात जन्मभर मागावर बसले,
काचेची भट्टी त्यांनी बघितली नाही.
पण आम्ही पोरं गरम चहावर, चुलीवर,
फुग्यात, कशातही फुंकायला लागलो की
ओरडायचे, एनक्की पील्चकु!
मागं ओढू नको.
मला वाटायचं, चहासाठीच आहे ते.
मालकाच्या नातवाने सांगितलं,
नळी तोंडात असताना श्वास मागं ओढला
तर आग छातीत जाते.
जर्मन मिस्त्रीचा पहिला धडा म्हणे हाच.
तो कुठल्या भाषेत बोलला असेल?
पोशट्टीने तो बदलीवाल्याला कधी शिकवला?
तापात? त्या तीन दिवसांत?

प्रतिज्ञापत्रात पणजोबाला एकच रकाना असतो.
मी पोशट्टी लिहिलं.
खाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी व अचूक आहे.
सही केली. शिक्का बसला.
क्लार्क म्हणाला, शाई ओली आहे, फुंकर मारा.
मी वाकलो. ओठ गोल केले.
मागे रांग होती बरीच.
मुलगी म्हणाली, बाबा,
वाळली कधीच. पुरे.