कळतंय का

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चादरींचा गठ्ठा घेऊन माळ्यावरून पडला तो,
दुपारी सव्वातीनला.
सिव्हिलमध्ये हत्तुरे डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या.
म्हणाल्या, औषध नवं नाही,
दुसऱ्याच दुखण्याचं, कित्येक वर्षं दुकानात मिळतंय.
मार बसल्यावर मणक्यातल्या नसा
सगळ्याच लगेच मरत नाहीत.
काही नंतर मरतात, शेजारणीचं बघून.
त्या वाचतात का, एवढंच बघायचंय.
पहिली गोळी बारा तासांच्या आत.
सहा तर गेलेच होते
रिक्षात, एक्स-रेत, मालकाची वाट बघण्यात.

कागद मराठीत. मी विचार तेलुगूत केला.
सही त्याची, साक्षीला माझी.
खाली एक ओळ होती:
निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती पूड.
कुणाला काय, बाईंनाही ठाऊक नाही.
पुण्याच्या कुठल्याशा कपाटात कुलपात आहे म्हणे ते.

बावीस वर्षं विड्या वळतेय मी.
पंचवीसचा कट्टा न मोजता बांधते,
एक कमी पडली तर तळहात सांगतो.
त्या कॅप्सूल रोज रात्री तळहातावर घेतल्या.
सगळ्या सारख्या.
एकही बोलली नाही.

अनसव्वा म्हणाली, मागावर तुटलेला धागा सांधतातच की गं,
माणसाचा का नाही?
म्हटलं, धाग्याला दुखत नाही.
मग गप्प बसले.
यालाही दुखत नाही, तेच तर रडणं आहे.

रात्री दहाला त्याला डोळे मिटायला लावते,
तेंदूच्या पानाची कड पावलावरून फिरवते.
कळतंय का?
हो.
गुडघा?
हो.
अंगठा?
हो, हो.
बाईंच्या टाचणीला मात्र बेंबीखाली तो मुका,
आणि त्या रकान्यात शून्य लिहितात.

म्हणून एकदा हात लावलाच नाही.
पान माझ्याच मांडीवर, आणि नुसतं विचारलं,
कळतंय का?
हो, म्हणाला.
मिटल्या डोळ्यांनी हसत होता, माझ्यासाठी.
एवढे दिवस तोच मला पूड देत होता,
साखर घातलेली.

तेव्हापासून कधी पान, कधी नुसता प्रश्न.
केव्हा काय, ते त्याला सांगत नाही.
माझं मीच कपाट, माझं मीच कुलूप.

सोमवारी बाईंकडे तारीख आहे, चौथ्या महिन्याची.
आणि काल रात्री लाईट गेली,
खालचे माग एकदम थांबले.
एवढी शांतता की त्याचा श्वास मोजता यावा.
मी हात लावला नव्हता.
विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
नाही.

खोटं बोलायचा कंटाळा आला असेल.
असेलही.
हा 'नाही' कुठल्या रकान्यात लिहितात
मला माहीत नाही.
अंधारात चाचपडून पान उचललं,
डाव्या अंगठ्याला टेकवलं.

अजून विचारलेलं नाही.