भोंगा

लातूर एमआयडीसी, डाळ मिलचा माळा.
वर मी, एक घरघरता कूलर, एक काळा पडदा.
खाली तुरीतले खडे ओळखणारं यंत्र
चार दिवसांपासून आंधळं.
जुना संगणक जळाला, नव्यावर जुनं काही बसेना.
कंपनी कधीच बुडालेली. जाताना एक सीडी ठेवून गेली,
सगळा सोर्स, आणि 'आधी हे वाचा'मध्ये एकच ओळ:
मेक म्हणा, होईल.

म्हटलं.
नाही झालं.

चित्र वाचणारी लायब्ररी सापडत नाही, म्हणाला.
आणली. तर ती दारातच अडून बसली,
आधी माझ्या धाकटीला आवतण द्या.
धाकटीला दिलं, तिचा दीर रुसलेला.
दिराला आणलं तर तो फारच नवा निघाला,
ज्या फंक्शनला हाक मारायची
तिचं नाव सासरी बदललेलं,
जुन्या नावाला आता कुणी ओ देत नाही.
दुपारपर्यंत मी लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखी
नुसती मानपान करत होते.

दोनदा लाइट गेली. दोनदा पहिल्यापासून.

मग तो पेच. हिला ती हवी, तिला ही.
इलियासभाई फिटर जिन्यात बसून पाना पुसत होता,
त्याला सांगितलं.
"म्हंजे विहिरीत मोटार पडली," तो म्हणाला,
"काढायची तर पाणी उपसावं लागतंय,
उपसायचं तर मोटार लागतीय."
मग काय करता?
"काय करणार, शेजाऱ्याची आणायची."
आणली. दुसऱ्या कुणी आधीच बांधून ठेवलेली,
तेवढ्यापुरती उसनी.

कोडमध्ये एके ठिकाणी कुणीतरी लिहिलेलं:
पहाटेचे चार. हे का चालतंय माहीत नाही. हात लावू नका.
मी हात लावला नाही.

शेवटी एकच उरली. टोल नावाची.
कंपनीची स्वतःची, जगात कुठेच नाही.
सगळा सोर्स चाळला:
अख्ख्या पसाऱ्यात तिला एकदाच हाक,
टोल, कंसात सहा.
एवढ्यासाठी कुठं अडून बसायचं?
मी तिच्या नावाची एक पोकळ बाई उभी केली,
आत काही नाही,
हाक आली की 'ओ' द्यायची, बस.
पडद्याचं समाधान झालं.
शून्य त्रुटी. शून्य इशारे.

खाली यंत्राला दिसू लागलं.
हवेचा फुस्स फुस्स झोत,
काळा खडा बाजूला, काळा खडा बाजूला.
मन्मथअप्पांनी डाळ तळहातावर घेऊन
उन्हात धरली, काही बोलले नाहीत,
पण वर सुशीला आला, त्यावर शेंगदाणे जास्त.

मी तंगड्या पसरून खात होते.
साडेसहा झाले असतील.
खालच्या बाया अजून चाळणीवर,
हात चाललेले, माना खाली.
सोजरबाईनं एकदा दाराकडं पाहिलं,
सावली उंबरा ओलांडून गेलेली.
"लईच लांबला की गं आज दिस.
भोंगा कामून वाजंना गेलाय?"

सहा.

माझ्या हातात चमचा तसाच.

जिना उतरून दारात उभी राहिले
आणि ओरडले, सुटी झाली, सुटी.
आवाज फाटला. दोघी हसल्या.
सोजरबाई हसली नाही.
तिची औश्याची सव्वासहाची गेली होती,
पुढची आठला.

रात्री बसून पोकळ बाईच्या पोटात चार ओळी घातल्या.
संगणक 'टुक' म्हणाला. माळ्यावरच विरलं.
मग इलियासभाईनं भंगारातून
ट्रकचा एक हॉर्न आणला, तार ओढली,
आणि हात पुसत म्हणाला, आता कर.

दुसऱ्या दिवशी सहाला तो असा वाजला
की रस्त्यावरची दोन कुत्री उठून बसली.
सोजरबाईनं पदर झटकला,
डबा पिशवीत टाकला.
"पहिला बरा होता," म्हणाली,
आणि भराभरा फाटकाकडं निघाली.