पिढीजात

गाड्यांच्याही पिढ्या मोजतात.
आमच्या घरात तीन झाल्या,
तेवढ्यात तिच्या अकरा.

पहिलीचं मागचं दार उलटं उघडायचं,
म्हणजे किमोनोतल्या ओगिनोबाईंना
आधी टेकता यायचं, मग पाय आत घेता यायचे.
आजोबा, तोकुजी कुरिहारा, तोवर त्यांच्याच गिरणीत
रेशमाच्या मागावर होते.
गाडी येत होती, कारण सैन्यात ट्रक चालवला होता.
कुठे, ते कधी बोलले नाहीत.

दुसरी लांब. तिसरी रुंद.
चौथीचं नाक गोल; किर्यूतली पोरं तिला मांगूर म्हणत.
खपली नाही. चढावर तापायची.
वातारासे नदीच्या पुलाआधी बॉनेट उघडून
आजोबा उभे, मालक मागे बसलेले,
वाफ जाईपर्यंत दोघंही गप्प.
पाचवीला कंपनीनं निमूट पुन्हा कोपरे दिले.
मोठी घराणी चुका अशाच निस्तरतात.

सहावीबद्दल कुणी काही सांगत नाही.

सातवीला बाबा आले, मासुओ,
आजोबांचेच पांढरे हातमोजे, बोटांना जरा सैल.
सीटवर लेसचं अर्धं आवरण असे.
आई ते दर शनिवारी धुऊन, खळ देऊन वाळत घाली
आमच्या सदऱ्यांच्या शेजारी.
अकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला
की सगळ्यात आधी तेच आत घ्यायचं.
शाळेत मला विचारलं, घरी कोण कोण?
मी म्हटलं, आजोबा, आई, बाबा, मी
आणि सीट.

आजोबांची शिकवण एवढीच:
मान वळवायची नाही.
म्हणून तर बाहेरचे आरसे बॉनेटच्या टोकांना, लांब.
मानाची जागा आपल्या पाठीमागची.
मधल्या आरशात मालक कपाळापुरता दिसतो.
तेवढ्यावरून ओळखायचं,
बँकेतून येतोय, दवाखान्यातून,
की त्या दुसऱ्या घरून,
आणि ओळखलं हे आपल्या कपाळावर दिसू द्यायचं नाही.

आठवीत मागे टीव्ही होता.
सीट पाठ चेपून द्यायची.
नववी येईस्तोवर अर्धी गिरणी विकली गेली,
दहावी भाड्याची.
अकरावी उंच चाकांची, पाठ उतरती,
धाकटे ओगिनो ती स्वतःच चालवतात,
शेजारच्या सीटवर कुत्रा.
बाबांना निरोप देताना ते कमरेत वाकले,
बाबा त्यांच्याहून खाली वाकले.
त्यात कोण किती वेळ थांबलं कुणास ठाऊक.

सातवी मात्र विकली नव्हती कुणी.
बंद मागांच्या शेडमध्ये सापडली, टायर बसलेले.
मी माएबाशीला गॅरेजात काम करते,
मला फोन आला: घेऊन जा, भंगारात दे.
दोन रविवार लागले तिला उठवायला.

तिसऱ्या रविवारी बाबांसाठी मागचं दार उघडलं.
ते सरळ पुढे बसायला निघाले.
किल्ली माझ्याकडे आहे, म्हटलं.
बसले. काठावर,
डॉक्टरकडे नंबर लागायचा असावा तसे.

आरशात कपाळ.
तीस वर्षं याच घरात, याच चेहऱ्यासमोर जेवले मी,
आणि हे कपाळ मला वाचता येईना.

पुलावर म्हणाले,
"इथून रस्ता दिसतच नाही गं."
थोड्या वेळानं, लेस चाचपत,
"खळ जास्त झालीय."
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

भंगारवाल्याच्या फाटकाशी
मी इंजिन बंद करायच्या आत ते उतरले होते.
वळसा घालून आले, माझं दार उघडलं,
आणि बिनमोज्याचा हात
छपराच्या कडेखाली धरून उभे राहिले,
माझ्या डोक्याला लागू नये म्हणून.