शेरा, चाळीस अक्षरे

कपाटाची किल्ली कुणाकडेच नव्हती,
शेवटी शिपायाने बिजागऱ्याच काढल्या.
आत डांबरगोळ्यांचा वास, ऐंशी टेपा,
आणि प्रत्येक चकतीवर माझंच अक्षर,
तेहतीस वर्षांपूर्वीचं, जरा जास्तच गोल.

साहेबांना हवेत फक्त आकडे.
पुणे शहर, विहिरींची पाणीपातळी, एकोणनव्वद ते त्र्याण्णव.
नव्या सर्व्हरवर त्या फायलींची नावं आहेत,
उघडल्या तर शून्य बाइट.
कुणाच्या हातून गेल्या विचारलं
की जो तो आपल्या बदलीची तारीख सांगतो.

वाचणारं यंत्र जुन्या बाजारात मिळालं, बुधवारी,
शिलाई मशीन आणि पितळी नळांच्या मध्ये.
विकणारा म्हणाला, गाणी वाजत नाहीत हो यावर.
पट्टा तापकीर गल्लीतून.
पहिली टेप लावली तर किंचाळली
आणि तपकिरी चिकटा सोडून थांबली.

आधी भाजावी लागते, हे मग कळलं.
माती वाळवायच्या भट्टीत, चोपन्न अंशांवर, आठ तास,
पापडासारखी नाही,
बाळंतिणीला शेक द्यावा तशी.
भाजलेली टेप महिनाभर शहाण्यासारखी वागते,
मग पुन्हा चिकटते. तेवढ्यात विचारून घ्यायचं.

एकोणनव्वद आलं. नव्वद आलं, दोन ओरखडे वगळता.
एक्क्याण्णवच्या जागी निघाला
कॅन्टीनच्या उधारीचा हिशेब, कुणीतरी वरून लिहिलेला:
पोहे, चहा, चहा, पोहे,
खासनीस चौदा रुपये, अजून बाकी.
अख्ख्या वर्षाचं पाणी त्या चहाखाली.

ब्याण्णव संध्याकाळी सहाला बोलू लागलं.
विहीर क्रमांक, पेठ, खोली, तारीख,
आणि शेवटचा रकाना, शेरा.
मोजायचे झुंबर लोखंडे:
सायकल, गाठी मारलेली दोरी, टोकाला शिशाचा गोळा.
शेरेही त्यांचेच. मी ते रोमन अक्षरांत टंकायचे.
"दोर पुरला नाही."
"तळाशी गणपतीची माती."
"मालक म्हणतात उद्या या. तिसऱ्यांदा."
मी एकटीच हसले, यंत्राच्या पंख्याइतक्या आवाजात.
मग एकशे सदतीस, नारायण पेठ:
"कासव दिसले. मालकीण म्हणाली ते तिच्या सा"

वाटलं, टेप गेली. पुन्हा भाजली, पुन्हा वाचली.
पडताळणीची बेरीज बरोबर,
एक अक्षर गळलेलं नाही.
मग फायलीचा आराखडा काढला, पान तिसरं:
शेरा, चाळीस अक्षरे.
खाली सही. माझी.
जागा महाग होती तेव्हा, मला पंचवीस वर्षं,
विहिरीबद्दल याहून जास्त
काय असणार सांगण्यासारखं.
एकेचाळीसाव्या अक्षराला टुक वाजायचं
आणि मी पुढच्या विहिरीवर.
कागद रद्दीत गेले सत्त्याण्णव साली.

सासूचं? सासऱ्यांनी सोडलेलं? सासवडहून आणलेलं?

झुंबरकाका आता लोहगावला, मुलाकडे. फोन लावला.
कासव त्यांना आठवेना.
मालकिणीनं दिलेलं ताक आठवलं, त्यातला ओवा,
आणि दोरीनं सोललेली बोटं.
मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाले,
"पण बाई, मी तर पुरतं लिहिलं होतं."

आकडे साहेबांना पाठवले. शेरे नकोत, म्हणाले,
आलेखात बसत नाहीत.
नारायण पेठेत मी रविवारी जाऊन आले.
एकशे सदतीसवर सहा मजले आहेत,
वॉचमननं विचारलं, कुणाकडे?
मला काही सुचलं नाही.

त्र्याण्णव भट्टीत आहे. अजून पाच तास.