शिक्क्यावरचा नांगर

ठरावात लिहिलं होतं, शिक्क्यावर नांगर असावा.
इतवारीतल्या शिक्केवाल्यानं शेतातला कोरला,
फाळासकट, रुमणं धरलेल्या मुठीसकट.
बदलायला साठ रुपये पडत होते.
म्हणून आमच्या गळवाल्यांच्या क्लबात
प्रत्येक पावतीवर आजही
कोणीतरी जमीन नांगरतंय.

काठी मधुसूदन बोरकुट्यांची. म्हणजे माझ्या नवऱ्याची.
तो गेला त्या वर्षी वर्गणीची चिठ्ठी
त्याच्याच नावानं आली, मी पैसे भरले
आणि रविवारी पहाटे अंबाझरीला जाऊन उभी राहिले,
डब्यात भिजवलेली कणीक, पायात त्याच्या चपला.
कोणी काही बोललं नाही.
डोमाजी नान्हेनं डोंगा काठाशी आणखी जवळ ओढला,
एवढंच.

माझी नोकरी ट्रंक एक्स्चेंजातली.
देशाच्या पोटात बसून मी किनारे जोडून दिले एकमेकांना.
विशाखापट्टणम्, बोला. मुंबई, बोला.
रात्री दोनला कोचीनचा एक माणूस
कॉल लावायचा आणि तीन मिनिटं गप्प राहायचा.
पलीकडची बाईही गप्प.
मागे नुसती घरघर. मी समजायचे, लाटा.
लाईनमधला बिघाड होता तो, नंतर कळलं,
पण तोवर मी समुद्र ऐकून चुकले होते.

तर्जनीवर दोरा ठेवला की अजून कळतं
पलीकडे कोण आहे.
रोहू आधी खोकतो.
मरळ थेट मुद्द्यावर येते.
कासव म्हणजे राँग नंबर.

फेब्रुवारीत आम्ही पाच जण देवगडला गेलो.
डोमाजी सहावा. त्याचं भाडं क्लबानं भरलं,
हिशेबात लिहिलं: नांगर दुरुस्ती.

लवू तांडेलाची होडी जेमतेम दोन खाटांएवढी.
ऑडिटमधले ढोक काका बंदरातच ओकले.
डोमाजी मात्र उभा, डोंग्यात उभा राहतो तसाच,
गुडघे सैल सोडून,
आणि चारही बाजूंनी बघून झाल्यावर म्हणाला,
"मॅडम, याचा पल्याडचा काठ कुठी हाये?"
नाही, म्हटलं.
"मंग हे पानी वापस फिरते, तं कुठून फिरते?"
लवू हसला. मग हसायचा थांबला.
"ता आमकाव म्हायत नाय," म्हणाला,
आणि स्वतःचा गळ त्याच्या हातात दिला.

डोमाजीनं आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.
थुंकला नाही.

माझ्या दोऱ्याला सकाळी नऊच्या सुमारास कोणीतरी लागलं.
ओढलं नाही, झटका नाही.
नुसतं होतं तिथे, जड,
मी होते तशीच.
लवू म्हणाला, खडक. ढोक काका म्हणाले, गोबरा.
मी कोणाला काही म्हटलं नाही.
काठी वाकलेली, बोटाखाली ती घरघर,
आणि मला एकदम सवयीनं
घड्याळाकडे बघावंसं वाटलं.
तीन मिनिटं असतील.
मग दोरा हलका झाला.
मी तोडला नाही.
पलीकडूनच ठेवला.

बाकीच्यांना मिळून चार तांबोश्या, एक जखमी हात.
परतीच्या गाडीत बर्फ वर्ध्यापर्यंत टिकला.

आता मे आहे. तलाव खाली गेलाय,
काठाची माती भाजलेल्या पापडासारखी
कडेनं उचलली गेलीय.
साडेपाचलाच ऊन पाठीवर हात ठेवतं.
डोमाजी मध्यावर डोंगा थांबवतो,
ओंजळ भरतो, चाखतो
(देवगडहून आल्यापासून रोज चाखतो),
जरा वेळ विचार करतो
आणि मीठ कमी पडलेल्या भाजीबद्दल बोलावं तसं
मला सांगतो,
"अळनी हाये बाप्पा."
मी कणकेची गोळी वळत असते.
होईल, म्हणते.